गजेंद्र रामराव वायाळ, बारावी पास

रामराव वायाळला दोन पोरं. थोरला गोपाल नववीत दोनदा नापास झाला आणि एकविसाव्या वर्षी गाव सोडून गेला. धाकटा गजेंद्र दरवर्षी पहिला येत गेला आणि बत्तिसाव्या वर्षीही गावातच होता. हिवरा आश्रमच्या पलीकडच्या त्या गावात याचं कोणाला नवल नव्हतं. कोणत्याही घरात डोकावा, जो पोरगा शाळेतून लवकर सुटला तो पुण्याला, सुरतला, वाळूजला लवकर गेला. जो हुशार निघाला तो पंचायतीच्या अभ्यासिकेत ट्यूबलाइटखाली बसून, टक्कल पडेपर्यंत जाहिरातीची वाट बघत राहिला. शिक्षणानं पोरं गावाबाहेर पडली, असं पंधरा ऑगस्टच्या भाषणात सांगतात. सांगू देत. शिक्षणानं निम्मी पोरं दारात बांधून ठेवली हे सांगायला मात्र कोणी माईकजवळ जात नाही.

गोपाल गेला ते साल २०१०. चाकणच्या एका कंपनीत ओळखीनं पोरं घेत होते. अटी दोनच होत्या, बारावी पास आणि वय विसाच्या आत. गोपालजवळ दोन्ही नव्हतं. गजेंद्र त्याच महिन्यात बारावी सायन्सला एकाहत्तर टक्क्यांनी पास झाला होता आणि ओट्यावर पेढे वाटणं चाललं होतं.

“गजू, तुह्या मार्कशीटची झेरॉक्स दे मले,” गोपाल म्हणाला.

“एक काऊन? दोन घे,” गजेंद्र तोंडातला पेढा चघळत म्हणाला. “मले कुठी कंपनीत जाचं हाय?”

रामराव हसला. तानुबाई हसली. एवढ्या तोऱ्यात बोलणारं पोरगं घरात आहे याचा त्यांना आनंद झाला. गोपालनं झेरॉक्सला आपला फोटो चिकटवला, आणि एका दिवसात तो तीन वर्षांनी लहान आणि तीन इयत्तांनी मोठा झाला. चाकणला तो गजेंद्र रामराव वायाळ म्हणून कामावर लागला.

पुढं सात वर्षांनी कंपनीनं सगळ्यांचे आधार मागितले. गोपालनं फोन केला. गजेंद्र तेव्हा बीएडला होता. त्यानं आपल्या आधारचा फोटो काढून पाठवला आणि मोबाइलवर आलेला सहा आकडी नंबरही अभ्यासिकेच्या दारात उभं राहून वाचून दाखवला. कसला नंबर, कशाला लागतो, त्यानं विचारलं नाही. त्याच्यासमोर त्या दिवशी शिक्षक भरतीची नवी जाहिरात होती.

मेहकरला बीएस्सी, बुलढाण्याला एमएस्सी, मग बीएड. सगळं एसटीच्या पासवर, रात्रीला घरी. फी चाकणहून यायची. नंतर पाच वर्षं तो एका विनाअनुदानित कॉलेजात तासिकेवर रसायनशास्त्र शिकवत होता. पगार नावालाच, पण गाव ‘सर’ म्हणू लागलं. पोरं कमी झाली तशी दोन वर्षांपूर्वी ती तुकडी बंद पडली. गावाच्या तोंडातलं ‘सर’ मात्र तसंच राहिलं आणि ते ऐकलं की आता त्याला अंगावर कोणी पाणी टाकल्यासारखं व्हायचं. पोरीवाले यायचे, विचारायचे, मुलगा कुठं असतो? गावात, असं म्हटलं की चहा पिऊन उठायचे. या वर्षी भरती पुन्हा पुढं ढकलली, तेव्हा गणपतीच्या दिवसांत त्यानं पुस्तकं पोत्यात भरून माळ्यावर टाकली.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. चार एकर सोयाबीन वाळून खडखडत होतं आणि आभाळ रोज दुपारून भरून यायचं. शेंगा तडकायला लागल्या होत्या. सोंगणीचा गुत्ता, म्हणजे कापणीचा ठेका, बनाबाईच्या टोळीनं घेतला होता, पण टोळीतल्या तीन बाया तापानं पडल्या, म्हणून रामरावनं पोराच्या हातात विळा दिला.

साडीवर नवऱ्याचे फुल बाह्यांचे शर्ट घातलेल्या आठ बाया आणि त्यांच्यामध्ये गजेंद्र. बनाबाई पन्नाशीची, बारीक, वाकली की दुपारपर्यंत सरळ न होणारी. तिनं दोनदा मागं वळून त्याच्याकडं पाहिलं.

“सर, मूठ खालून धरा. वरून धरली त शेंगा हातात घुसतेत.”

त्यानं खालून धरली. तरी घुसल्या. पिकलेल्या शेंगेचं टोक सुईसारखं असतं आणि कातडीत गेलं की मोडतं. तासाभरात त्याच्या डाव्या हाताची बोटं टरारली. बाया आपापल्या वाट्याची पात संपवून धुऱ्यावर, बांधाला, पाणी प्यायला बसायच्या तेव्हा तो अजून निम्म्यात असायचा. मग त्यातली एक उठायची आणि समोरून त्याची पात कापत यायची. कोणी काही म्हणायचं नाही, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास व्हायचा.

टोळीतली माणिकरावची सून मात्र गप्प बसणारी नव्हती. “सर, अकरावीले तुमी आमाले केमिस्ट्री शिकोली. आता आमी तुमाले इळा धराले शिकोतो. फी नाई घेत, घाबरू नोका.”

बाया हसल्या. गजेंद्रही हसला. हसण्यावाचून दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत बनाबाई त्याच्याजवळ येऊन बसली. तिनं आपल्या डब्यातली ठेचा-भाकर पुढं केली. “माह्या पोरीनं, समतानं, नर्सिंग केलं आन बाविसाव्या वर्षी नाशिकले गेली. दोन साल झाले. तुमी काऊन राह्यले वो सर इतके दिवस?”

“वाट पाह्यत होतो.”

“कोनाची?”

गजेंद्रनं भाकरीचा तुकडा मोडला. बनाबाईनं टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं.

संध्याकाळी तानुबाईनं त्याच्या बोटांतले काटे सुईनं काढले आणि हळद-तेल लावलं. तो बापाला म्हणाला, “उद्या चिखलीले कंपन्यांचा भरती मेळावा हाय. मी जातो.”

“सोयाबीन असं सोडून?”

“एका दिवसानं का होते?”

“आन कंपनीत जाशीन तू? एमएस्सी करून?” रामराव म्हणाला.

“एमएस्सी सांगनारच नाई त्याहीले. बारावीच सांगतो. जास्त शिकलेला दिसला की घेत नाईत, पळून जाते म्हनतेत.”

पोराला एवढी वर्षं शिकवायचं आणि मग ते लपवायला लागायचं, हे रामरावच्या हिशोबात कुठं बसत नव्हतं.

चिखलीच्या मंगल कार्यालयात खुर्च्यांच्या रांगा लावल्या होत्या. अक्षतांचे दाणे अजून कोपऱ्यात पडलेले होते. तीनशे तरी पोरं असतील, सगळी अठरा-वीसची, नुकत्या फुटलेल्या मिशांची. त्या घोळक्यात गजेंद्र कोणाचा तरी पालक वाटत होता. एकानं तसं विचारलंही, “काका, तुमचा मुलगा कोन्या रांगेत हाय?” पुढून आणखी एक आवाज आला, “सर! तुमी? तुमाले लेक्चर द्याले बोलावलं का?” तो त्याचाच विद्यार्थी होता, दोन वर्षांपूर्वी बारावीला पस्तीस टक्क्यांवर सुटलेला. गजेंद्र म्हणाला, “नाई रे, असंच.” पण रांग सोडली नाही. पोराला समजलं. त्यानं मान खाली घातली आणि सरांना आपल्या पुढं घेतलं.

टेबलामागं पुण्याकडचा एक तरुण बसला होता, इस्त्रीच्या शर्टातला, तेविसेक वर्षांचा.

“शिक्षण?”

“बारावी.”

“त्यानंतर काय केलंत?”

“शेती.”

“वय बत्तीस. ट्रेनी म्हणून नाही बसणार तुम्ही, त्याला पंचवीस लागतं. हेल्परमध्ये घेतो. बारा तासांची ड्यूटी, राहायची सोय कंपनीची. चालेल?”

“चालेल.”

“आधार सांगा.”

गजेंद्रनं नंबर सांगितला. तरुणानं तो लॅपटॉपमध्ये टाकला, थांबला, पुन्हा टाकला. मग त्यानं मान वर करून गजेंद्रकडं नीट पाहिलं.

“काका, तुम्ही तर कामावर आहात.”

“मी?”

“चाकणला. चौदा वर्षं झाली. गेल्या महिन्याचाही भरणा आहे पीएफचा. गजेंद्र रामराव वायाळ, तुम्हीच ना?”

“हाव. मी, पन—”

“एका आधारवर दोन नोकऱ्या नाही दाखवता येत.” तरुणाचा आवाज एकदम आदराचा झाला. “आणि खरं सांगू का, चांगली कंपनी आहे ती. आमच्याकडं कशाला येता? सोडू नका.”

मागचं पोरगं पुढं सरकलं. गजेंद्र कार्यालयाच्या बाहेर आला आणि रसवंतीच्या बाकड्यावर बसला. त्याला आधी हसू आलं. चौदा वर्षं आपण कामाला आहोत, महिन्याच्या महिन्याला हजर आहोत, आणि हे आपल्यालाच कोणी सांगितलं नाही. मग हसू गेलं. बारावीची झेरॉक्स तोच देऊन बसला होता, नंबर त्यानंच वाचून दाखवला होता, आणि त्याच्या नावानं जे जाण्यासारखं होतं ते अठराव्या वर्षीच चाकणला निघून गेलं होतं. मागं राहिला होता तो नुसता उरलेला माणूस.

घरी आल्यावर तो म्हणाला, “दादाले फोन लावतो.”

“फोन कायले?” रामराव म्हणाला. “थो परवा येऊनच राह्यला. पर्मनंट करून राह्यले म्हने त्याले. तुह्ये ओरिजिनल कागद लागतेत.”

थ्रेशर आलं त्या दिवशी सकाळीच गोपाल, त्याची बायको पूनम आणि त्यांची सहा वर्षांची पुष्पांजली ट्रॅव्हल्सनं उतरली आणि थेट वावरात आली. गोपालचं पोट सुटलं होतं, केस पांढरे झाले होते आणि कंपनीतल्या प्रेस शॉपच्या धडधडाटानं कान अधू झाले होते, त्यामुळं तो ओरडून बोलायचा. पण सोयाबीनच्या सुडीवरची, ढिगावरची, ताडपत्री त्यानं एका झटक्यात ओढली, कंपनीचा टी-शर्ट काढून बनियनवर उभा राहिला आणि थ्रेशरच्या तोंडात पेंढ्या देऊ लागला. गजेंद्र पोत्याचं तोंड धरून उभा होता. भुसा दोघांच्या अंगावर सारखाच उडत होता.

दुपारी यंत्र थांबलं. बाया सावलीला बसल्या. पुष्पांजली त्यांच्या मधे फिरत होती, गुलाबी सँडल, केसांना क्लिपा. बनाबाईनं तिला जवळ ओढलं.

“कोनाची व माय तू? नाव सांग.”

पोरीला शाळेत हेच शिकवलं होतं. ती पाय जुळवून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, “माझं पूर्ण नाव पुष्पांजली गजेंद्र वायाळ. माझ्या वडिलांचं नाव गजेंद्र रामराव वायाळ. माझ्या आईचं नाव पूनम गजेंद्र वायाळ.”

माणिकरावच्या सुनेनं तोंडाला पदर लावला आणि पदराआड ती हसली. तिचं पाहून दुसरी हसली. पूनम पाण्याची कळशी घेऊन येत होती, ती तिथंच उभी राहिली. तिच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढली. गजेंद्रनं पोत्याचं तोंड बांधायला घेतलं आणि सुतळीची गाठ त्याला जमेना.

“हसाले का झालं?” बनाबाई ओरडली. “उठा. भुसा उचला थो.”

पण हसू एकदा सुटलं की ते आता गावभर जाणार होतं. ज्याला कोणी पोरगी देईना, त्याच्या नावावर बायको आणि पोर होती, तीही भावाची. आता सोयरीक घेऊन कोणी येणार नव्हतं, हे तानुबाईला त्याच क्षणी समजलं. ती धुऱ्यावर बसून राहिली, उठलीच नाही.

पूनम कळशी ठेवायला गजेंद्रजवळ आली. तिनं वर पाहिलं नाही.

“भाऊजी, बाळंतपणाले दवाखाना कंपनीचा होता. कार्डावर जे नाव थेच लिहून घेतलं त्याहीनं. मी म्हनलं, नोका लिहू. त म्हनले, मंग बिल भरा. त्या दिवशी मी पोरगी मांडीवर घेऊन रडली.”

“तुमचं काई नाई वहिनी,” गजेंद्र म्हणाला.

टोळी गेल्यावर, दिवस मावळायच्या आत, वावरातच बोलणं निघालं. पोती रचली होती. रामराव त्यांच्यावर बसला होता.

“मले ओरिजिनल पाह्यजेत गजू. टीसी आन बारावीचं. सोमवारपर्यंत,” गोपाल ओरडून म्हणाला. “चौदा सालानं पर्मनंट करून राह्यले.”

“आन मी?”

“तू मास्तर होशीन ना.”

“कधी?”

गोपालला ते ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असावं. तो नखातला भुसा काढत राहिला. गजेंद्र त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला आणि त्याच्याइतक्याच मोठ्यानं बोलला.

“मी चिखलीले जाऊन आलो दादा. माह्या आधारावर तू कामाले हायेस. मले हेल्परमदी बी घेत नाईत. मी आता कोठीच जाऊ शकत नाई. माहं नाव मले परत दे.”

“कसं देऊ? सांग, कसं देऊ? कंपनीत जाऊन सांगू का मी गजेंद्र नोहो? त्याच दिवशी गेटच्या बाहेर. पोलिसात देतीन थे अलग. पोरीच्या बापाचं नाव का सांगू शाळेत? बदलला म्हनू?”

“तुले समजत नोतं तवा?”

“तूच देल्लं होतं. मी चोरलं नाई.”

“मी झेरॉक्स देल्ली होती. नाव नोतं देल्लं.”

“नावाशिवाय झेरॉक्सचं मी का करू? भजे बांधू?” गोपालच्या कपाळाची शीर फुगली. “आन तुह्या बीएस्सीची फी, एमएस्सीची फी, बीएडची फी कोनं भरली? याच नावानं भरली. गजेंद्रनं कमावलं आन गजेंद्रच शिकला. मी कोठी हावो त्याच्यात? चौदा साल झाले, कोनी गजा म्हनलं की मी वळून पाह्यतो. इथं माय गोपाल म्हनते त मले वेळ लागते समजाले.”

खरंच होतं ते. त्याला भावाचा राग आला, तो टिकला नाही. बापाचा आला. आणि सगळ्यांत जास्त आला तो ओट्यावर पेढा खात ‘दोन घे’ म्हणणाऱ्या त्या अठरा वर्षांच्या शहाण्याचा. तो समोर असता तर गजेंद्रनं त्याला थोबाडलं असतं.

त्याच्या मनात आलं, नाही म्हणावं. कागद आपल्याजवळ आहेत. उद्या चाकणला एक अर्ज पाठवला की आपलं नाव आपल्याला मिळेल. आणि मिळालं तर त्या नावाचं बत्तिसाव्या वर्षी करायचं काय? बारा तासांचा हेल्पर. तेही पुढच्या वर्षी कोणी घेईल की नाही. आणि ती गुलाबी सँडलवाली पोर शाळेत पाय जुळवून उभी राहील आणि तिला बापाचं नाव येणार नाही.

“गजा,” रामराव पहिल्यांदा बोलला. “चालू मोटर कोनी बंद करत नाई बापा. एक तं पानी देऊन राह्यली. तुही चालू होयेल, न होयेल. देऊन टाक.”

“तुमी सांगा ना मंग, मी का करू?”

“मले का माहीत?” रामराव म्हणाला. “मी चौथी शिकलो. तुले शिकोलं थे यासाठीच की मले विचाराचं काम पडू नाई.”

घरी तानुबाईनं पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली. कुलूप तिनं उघडलं, पण फाइलला हात लावला नाही. “तूच काढ अन् तुह्याच हातानं दे. मी देल्ली त जलमभर माह्या नावानं बोलशीन.”

गजेंद्रनं फाइल उघडली. वरच बारावीचं प्रमाणपत्र होतं, प्लास्टिकच्या कव्हरात, चौदा वर्षांत एकदाही दुमडलेलं नाही. त्याखाली टीसी. त्यानं दोन्ही काढून भावापुढं धरले. गोपालनं आधी हात शर्टाला पुसले. मग घेतले.

“हे बाकीचे?” गोपालनं फाइलकडं बोट केलं. बीएस्सी होतं, एमएस्सी होतं, बीएड होतं.

“थे कोनाले लागत नाईत.”

मग गोपालनं बॅगेतून आपलं स्वतःचं आधार कार्ड काढलं. एका दिवाळीला आला असताना गावच्या कॅम्पात काढलेलं, त्यानंतर कुठंच न वापरलेलं. कोरं करकरीत. त्यानं ते भावाच्या हातात ठेवलं.

“हे राहू दे तुह्याजवळ. कामात पडते कोठी पडलं तं.”

त्याला वाईट हेतूनं द्यायचं नव्हतं. जवळ जे होतं ते तो देत होता. गजेंद्रला कळत होतं, म्हणूनच ते घेताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोपाल रामराव वायाळ. जन्मसाल १९८९. सकाळच्या गाडीनं भाऊ, वहिनी आणि पोरगी गेली. जाताना पुष्पांजली “बाय काका” म्हणाली आणि पूनमनं तिचा हात जरा जोरातच ओढला.

दिवाळी झाली. सोयाबीन बाजारात गेलं. गावात तो दिसला की बाया बाजूला तोंड करून हसायच्या आणि अभ्यासिकेतली पोरं एकदम पुस्तकात बघायची. आठवडाभर त्यानं ते सोसलं. मग एका सकाळी तो कडूबाच्या घरी जाऊन आला.

कडूबा त्याच्या सातवीपर्यंतचा सोबती. शाळा सोडून सोळाव्या वर्षी गुजरातेत जिनिंगवर कापूस वाहायला गेला होता. आता तोच गडी नेत होता, त्याची स्वतःची क्रुझर होती, फाट्यावर दोन खोल्यांचं स्लॅबचं घर होतं. दर वर्षी तुळशीच्या लग्नानंतर त्याची गाडी फाट्यावरून भरून जायची.

त्या दिवशी फाट्यावर चौदा जण जमले होते. बहुतेकांच्या दाढ्या अजून धड उगवल्या नव्हत्या. पांघरुणांची गाठोडी, पिठाचे डबे. कडूबा बोनेटवर वही ठेवून एकेकाचं लिहून घेत होता. तिथल्या पोलिसात यादी द्यावी लागायची.

गजेंद्रचा नंबर आला. त्यानं आधार कार्ड पुढं केलं. कडूबानं फोटो पाहिला, मग त्याच्याकडं पाहिलं.

“सर, हा तं गोपाल व्हय.”

“हाव.”

“अन् तुमचं?”

“थे चाकणले हाय.”

गावात हसू फिरलं होतं, तेव्हा कडूबाला काय ते माहीत असणारच. त्यानं जास्त विचारलं नाही. “दोघं भाऊ सारखेच दिसता. चालते,” एवढंच म्हणाला आणि लिहू लागला. “शिक्षण?”

“नववी नापास.”

“इथं सही. नाई तं अंगठा.”

गजेंद्रनं सवयीनं पेन घेतलं. टोक कागदाला टेकलंही. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला एकच सही येते, आणि ती या नावाची नाही. मागं पोरं उभी होती, त्यातल्या दोघांना त्यानं शिकवलं होतं. त्यानं पेन वहीवर ठेवलं आणि शाईच्या पॅडवर डावा अंगठा दाबला. शेंगांनी फाटलेलं कातडं अजून नीट भरलं नव्हतं. शाई चिरांत गेली आणि चरचरली.

“तिथं गेल्यावर सर म्हननार नाई बरं मी,” कडूबा हळू आवाजात म्हणाला. “गोपालच म्हनीन. तिथल्या लोकाले संशय नोको.”

“म्हन ना.”

कडूबानं ओळ पुन्हा वाचली आणि जन्मसालावर बोट ठेवून थांबला.

“पस्तीस पुरे झाले की लेका. कापसाच्या गाठी उचलाले थे पस्तिसाच्या वर घेतच नाईत. यंदा मी निभावून नेतो. पुढल्या साली मात्र आशा धरू नोको, तुहं वय निघून गेलं.”

मी बत्तीसचा आहे, हे गजेंद्रच्या तोंडापर्यंत आलं.

“हाव,” तो म्हणाला, आणि गाठोडं उचलून क्रुझरच्या मागच्या बाकड्यावर पोरांच्या मधे सरकून बसला.